रेघा बदलत गेल्या



मागच्या शब्बाथला जेवणं आटोपल्यावर नातवाने नकाशाचं पुस्तक आमच्या पुढ्यात ठेवलं. "आजी, इस्राएलची हद्द नक्की कुठे? इथे तर तुटक रेघा आहेत." ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पोराला हद्द म्हणजे समुद्र! आम्ही चष्मा लावला आणि सांगायला बसलो.

पहिली रेघ कागदावरच राहिली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी पास झाला. तिथल्या पॅलेस्टाईन समितीचे अध्यक्ष होते इथलेच डॉ. एव्हट. ऑस्ट्रेलियाने ठरावाच्या बाजूने मत दिलं, भारताने विरुद्ध. म्हणजे आपलं माहेर एकीकडे नि सासर दुसरीकडे!

मग लढाई झाली. सुमारे सात लाख अरब बेघर झाले. १९४९ च्या युद्धबंदीत नकाशावर मारलेली रेघ म्हणजे ग्रीन लाइन. यरुशलाईमजवळच्या बेत सफाफा गावाच्या तर मधोमध कुंपण आलं. अलीकडे लग्न असलं की पलीकडचे नातेवाईक तारेतून बघायचे. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर ते कुंपण निघालं, पण वेस्ट बँक आणि गाझा इस्राएली लष्कराच्या ताब्यात आले. २००२ पासून पुन्हा कुंपण नि भिंत बांधू लागले. २००५ साली इस्राएलने गाझातून वस्त्या हलवल्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने कुंपण फोडून सुमारे १२०० माणसं मारली. पुढच्या युद्धात गाझात हजारो माणसं गेली, त्यांत किती लेकरं. ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीत आणखी एक रेघ आली, 'पिवळी रेघ'. तिने गाझाचेच दोन भाग केले.

आमची धाकटी बहीण अश्दोदला असते. भोंगा वाजला की गुडघे धरत आडोशाला पळायची. आणि आमच्या वॉर्डात एक पॅलेस्टिनी सिस्टर होती. रात्रपाळीला एकाच किटलीतला चहा आम्ही कितीदा प्यायलो. रिटायर झाल्यावरही ईदला आम्ही फोन करायचो, रोश हशानाला ती करायची. २०२३ नंतर ना तिने केला, ना आम्ही. काय बोलावं तेच कळेना.

नातवाला सगळ्या रेघा समजावल्या, पण ही सांगताना जीभ अडली. ही काही कुठल्या सरकारने मारलेली नाही.

या रविवारी फोन लावायचं ठरवलं आहे. तिने उचलला तर पुढच्या अंकात कळवूच.