बदलती जहाजे आणि त्यांची छायाचित्रे

प्रवासी जहाजांवर हिंडून त्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद ज्यांस जडला आहे, त्यांच्याकडे लोक थोड्या कौतुकाने व बऱ्याचशा कीवेने पाहतात. ज्या दिवाणखान्यात आपले वास्तव्य चार दिवसांचे, त्याच्या भिंती आणि जिने टिपून ठेवण्यात कसला आनंद, असा त्यांचा सवाल असतो. आम्हांस मात्र हा छंद आदरणीय वाटतो. आमची तक्रार आहे ती तो ज्या रीतीने जोपासला जातो तिच्याविषयी. हल्ली जहाजावर पाऊल ठेवणारा प्रत्येक जण खिशातल्या फोनाने शेकडो चित्रे काढतो. परंतु त्यांत झुंबरापुढे उभे राहिलेले आपले मुखकमल, टेबलावरील पंचपक्वान्ने आणि सूर्यास्त एवढेच असते. जहाज त्यांत बहुधा नसतेच.

घर एकदा बांधले की दोन-तीन पिढ्या ते ओळखीचे राहते. जहाजाचे तसे नाही. खाऱ्या पाण्यात अहोरात्र चालणाऱ्या जहाजास ठरावीक मुदतीने कोरड्या गोदीत जावे लागते. प्रवासी जहाजाचा तळ पाच वर्षांत निदान दोनदा गोदीत तपासला जावा, असा आंतरराष्ट्रीय नियमांचा सर्वसाधारण दंडक आहे. गोदीतले पाणी उपसले की जहाज ठोकळ्यांवर टेकते, आणि एरवी कोणाच्याही दृष्टीस न पडणारे त्याचे पोट उघडे होते. तळाला रंग द्यावयाचाच आहे, तर वरची भोजनगृहे, खोल्या, गालिचे हेही त्याच फेरीत बदलून घ्यावे, असा मालकांचा हिशेब असतो; कारण जहाज उभे राहिले की मिळकत थांबते आणि एकेक दिवस मोजावा लागतो. २००४ साली सेवेत दाखल झालेले ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २०१६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत अवघे पंचवीस दिवस होते. तेवढ्या अवधीत त्यावरील ‘विंटर गार्डन’ नाहीसे होऊन तेथे ‘कॅरिन्थिया लाउंज’ आले, एकट्या प्रवाशांसाठी पंधरा खोल्या नव्याने निघाल्या आणि प्रवाशांच्या कुत्र्यांची घरे वाढली. त्या श्वानांना परके वाटू नये म्हणून त्यांच्या अंगणात इंग्लंडच्या रस्त्यावरचा दिव्याचा एक खांब आणि अमेरिकेच्या रस्त्यावरचा बंबाचा एक नळही उभा आहे! कोणाच्या सोयीसाठी काय केले जाते, हे पाहावयाचे तर असलेच तपशील पाहावेत.

हे झाले वरवरचे बदल. ‘एन्चांटमेंट ऑफ द सीज’ हे १९९७ सालचे जहाज २००५ साली रॉटरडॅमच्या गोदीत मधोमध कापण्यात आले, दोन्ही अर्धी दूर सारण्यात आली, आणि फिनलंडमध्ये तयार करून आणलेला २२ मीटर लांबीचा तुकडा मध्ये ठेवून ती पुन्हा सांधण्यात आली. जहाजास १५१ नव्या खोल्या मिळाल्या. ‘कार्निव्हल डेस्टिनी’ची कथा निराळी. १९९६ साली निघालेले हे जहाज एक लाख टनांची मर्यादा ओलांडणारे पहिले प्रवासी जहाज होय. (हा टन वजनाचा नव्हे, जहाजातील बंदिस्त जागेचे ते माप आहे, ही गोष्ट वृत्तपत्रेही कित्येकदा विसरतात.) २०१३ साली इटलीत त्यावर साडेपंधरा कोटी डॉलर खर्च झाले, आतील सजावट मुळापासून पालटली, आणि ते बाहेर पडले तेव्हा नावदेखील पालटून ‘कार्निव्हल सनशाइन’ झाले होते. आता ‘डेस्टिनी’ची सजावट कोठे पाहावी? कंपनीचे रंगीत पत्रक नवे तेवढेच दाखविते. जुने दाखविणे तिच्या धंद्यास सोयीचे नसते. ज्या हौशी प्रवाशाने २०१३ पूर्वी त्या जहाजाचे जिने, दालने आणि दिवे टिपून ठेवले असतील, त्याचे चित्र हाच आता पुरावा. म्हणूनच आम्ही म्हणतो की, जे उद्या राहणार नाही ते आज टिपावे, आणि टिपले त्या दिवसाची तारीख त्यावर घालावी. तारखेवाचून असलेले जहाजाचे चित्र म्हणजे शिक्क्यावाचून असलेला दस्तऐवज.

नीट पाहण्याची सवय असली तर चित्र स्वतःही आपले वय सांगते. ‘क्वीन एलिझाबेथ २’ ह्या प्रसिद्ध जहाजाचे उदाहरण घ्या. १९६७ साली स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे ते पाण्यात उतरले व १९६९ साली त्याची पहिली सफर झाली. तेव्हा त्याचे धुरांडे सडपातळ व पांढरे होते. १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात सरकारने ते सैन्य नेण्यासाठी ताब्यात घेतले. त्या कामगिरीवरून परतल्यानंतर धुरांड्यास कंपनीचा पारंपरिक तांबडा रंग चढला. पुढे १९८६-८७ च्या हिवाळ्यात जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे त्याची वाफेची यंत्रे काढून नऊ डिझेल इंजिने बसविण्यात आली. त्यांच्यासाठी धुरांडे रुंद करावे लागले. तेव्हा पांढरे व बारीक धुरांडे दिसले तर चित्र १९८२ पूर्वीचे. तांबडे पण बारीक असले तर मधल्या चार वर्षांचे. तांबडे आणि रुंद असले तर १९८७ नंतरचे. शंभरातील नव्वद प्रेक्षक ह्या तिन्ही चित्रांना सारखीच म्हणतील. २००८ साली हे जहाज निवृत्त होऊन दुबईस गेले आणि २०१८ साली तेथे त्याचे हॉटेल झाले.

धुरांड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणण्यात आले. स्वस्त इंधनच वापरावयाचे तर धूर धुऊन सोडणारी यंत्रे बसविणे भाग पडले, आणि कित्येक जहाजांची धुरांडी त्यामुळे फुगली. त्याआधी, २०१० साली, जळाऊ साहित्याविषयीचे कडक नियम जुन्या प्रवासी जहाजांनाही पूर्णपणे लागू झाले. लाकडी कामाने नटलेल्या कितीतरी जहाजांची अखेर त्यामुळे जवळ आली. आगीचे भय खरे आहे आणि नियम योग्यच आहे; परंतु त्या लाकडी कामाची चित्रेदेखील उरू नयेत, हे मात्र योग्य नव्हे.

आमचे काही मित्र म्हणतात, ही जहाजे म्हणजे श्रीमंतांचे चोचले आणि धुराचे लोट. त्यांची आठवण ठेवण्याचे कारण काय? पहिला अर्धा आरोप आम्ही नाकारीत नाही. परंतु ह्या चोचल्यांखाली माणसे राबतात, आणि आमचे मन तेथे गुंतते. ‘फ्रान्स’ हे ३१५ मीटर लांबीचे डौलदार जहाज १९६२ साली अटलांटिकवर आले. २००४ पर्यंत त्याहून लांब प्रवासी जहाज जगात झाले नाही. १९७४ साली ते बंद पडले, १९८० साली ‘नॉर्वे’ ह्या नावाने पुन्हा चालू झाले, आणि १९९० साली त्याच्या माथ्यावर आणखी दोन मजले चढले. आमच्या मते त्या दिवशी त्याची सुंदर रेषा बिघडली. २५ मे २००३ रोजी मायामीच्या बंदरात त्याचा बाष्पक फुटला व खलाशांपैकी आठ जण प्राणास मुकले. २००६ साली ते गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्याने चढविण्यात आले आणि तेथेच त्याचे तुकडे झाले. त्याच्या पुढच्या टोकाचा तुकडा २००९ साली पॅरिसला लिलावात विकला गेला. ह्या जहाजाच्या भोजनगृहांची चित्रे विपुल सापडतात. बाष्पकांच्या दालनाची फार थोडी.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. पूर्वी आप्तांना निरोप देण्यास आलेली मंडळी जहाज आतून हिंडून पाहात. १ जुलै २००४ पासून बंदरांच्या व जहाजांच्या सुरक्षिततेची नवी आंतरराष्ट्रीय नियमावली अमलात आली आणि परक्यांना ते दार जवळजवळ बंद झाले. बंदराच्या आवारात कॅमेरा काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. प्रवाशांनाही यंत्रांच्या व खलाशांच्या भागात मज्जाव असतो.

परंतु आम्हा गोमंतकीयांची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडे ज्यांना तारवटी म्हणतात, त्यांची परंपरा फार जुनी. इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर स्वयंपाकघर आणि भोजनगृहे गोव्याची माणसे सांभाळीत. आजही प्रवासी जहाजांवर आपले बांधव पुष्कळ आहेत. पाहुण्यांना न दिसणारे जहाज त्यांना दिसते: पाण्याच्या पातळीजवळची दोन-तीन जणांची खोली, धोबीखाना, भांडी घासण्याची जागा, आणि जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी सेवकांची ती लांब वाट, जिला कित्येक जहाजांवर अमेरिकेतील एका महामार्गावरून ‘आय-९५’ म्हणतात. ह्या जागांची चित्रे कोणत्याही पत्रकात येत नाहीत. ती आमच्या घरांत, कपाटातील आल्बमांत आणि फोनांत पडून आहेत. काकांनी पाठविलेला फोटो म्हणून आपण ती क्षणभर पाहतो आणि फोन बदलला की ती जातात.

तेव्हा आमची सूचना अशी. आपल्या घरात जहाजावर काम केलेले जे कोणी असतील, त्यांच्याजवळ बसून एकेका चित्रामागे लिहून घ्यावे: जहाज कोणते, साल कोणते, जागा कोणती, आणि चित्रातील माणसाचे काम काय. नुसते नाव लिहून भागत नाही, कारण नावे टिकत नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून गोव्यास येऊ लागलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून निघाले, २००४ साली ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाले, २००८ साली नुसते ‘एम्प्रेस’, २०१६ साली पुन्हा ‘एम्प्रेस ऑफ द सीज’, आणि भारतात आले तेव्हा परत ‘एम्प्रेस’. काकांनी एका जहाजावर काम केले की तिघांवर, हे पुतण्याला कसे कळावे? ह्यासाठी प्रत्येक मोठ्या जहाजास सात अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. मालक बदलो, ध्वज बदलो, जहाज मधोमध कापले जावो, तो बदलत नाही. तो जहाजाच्या अंगावर कायमचा कोरावा लागतो, आणि प्रवासी जहाजावर तर आकाशातूनही वाचता येईल असा. तो क्रमांक नावाशेजारी लिहावा. ‘जागा कोणती’ हा रकाना भरताना मात्र घाई करू नये. तेथेच काका बहुधा थांबतात आणि मग बोलू लागतात.