पंचवीस चोक किती?

ओमप्रकाश वाल्मीकि म्हटलं की आपल्याला १९९७ साली आलेलं ‘जूठन’ आठवतं, आणि ‘जूठन’ म्हटलं की शाळेचं आवार झाडायला लावलेला मुलगा. तो प्रसंग विसरण्यासारखा नाहीच. पण तेवढ्यावर थांबून आपण एका कवीला आणि कथाकाराला नुसता साक्षीदार करून टाकला. सवर्ण समीक्षेला हे सोयीचं होतं, तुमच्याकडे दुःख आणि आमच्याकडे कला. आपण का मान्य करावं?

‘सलाम’ या संग्रहातली ‘पच्चीस चौका डेढ़ सौ’ ही कथा वाचा. पोरगा पाढे पाठ करतोय. बाप त्याला दुरुस्त करतो, पंचवीस चोक दीडशे. बायकोच्या आजारपणात चौधरीकडून शंभर रुपये घेतले होते, महिना पंचवीस व्याज. चार महिन्यांचं व्याज चौधरीने दीडशे सांगितलं, वर वीस रुपये सोडल्याचा मोठेपणा केला. बाप जन्मभर त्या विसांचे उपकार मानतो. पोरगा वर्गात दीडशे म्हणतो तेव्हा मास्तर खेकसतो. दीडशे आलं कुठून, हे तो विचारत नाही. मला या कथेत चौधरीपेक्षा मास्तरचाच जास्त राग येतो.

पुढे पोरगा शिकतो, नोकरीला लागतो. पहिला पगार घेऊन घरी येतो आणि पंचवीस-पंचवीस नोटांच्या चार ढिगाऱ्या लावून बापाला मोजायला बसवतो. बाप पुन्हा पुन्हा मोजतो. मग त्याचा चौधरीवरचा विश्वास फुटतो.

मुजफ्फरनगरच्या बरला गावात १९५० साली जन्मलेला हा लेखक आयुधनिर्माण कारखान्यात नोकरीला होता. प्रशिक्षणासाठी अंबरनाथला आला तेव्हा त्याला मराठी दलित साहित्य भेटलं, पुढे चंद्रपूरला चळवळ. हिंदीत ही धग इथूनही गेली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं. उलट दिशेने मात्र आपण फार कमी वाचतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असा एखादा चौधरी अजून ‘भला माणूस’ आहे. माझ्या आईच्या तोंडी होता. आपण पदवी घेऊन येतो आणि एका वाक्यात तिला अडाणी ठरवतो. कथेतला पोरगा भाषण देत नाही, बापाची चूक काढत नाही. नोटा बापाच्या हातात देतो. मोजणारा बापच असतो, आणि शेवटी शिव्या देणाराही तोच.