मतमोजणी नको, पुरावा हवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक केवळ या अटींत बसत नाहीत म्हणून बाद ठरले आणि त्यांच्या मालकांना लिनक्सचा विचार करणे भाग पडले. उबुंटू, मिंट, फेडोरा यांपैकी एखादी प्रणाली यंत्रावर चढते, आठवड्याभरात दहा गोष्टी खटकतात आणि ‘लिनक्समध्ये हे सुधारायलाच हवे’ अशी यादी तयार होते. ही यादी मोलाची आहे. डेस्कटॉप लिनक्सला जाहिरातीपेक्षा तिची गरज अधिक आहे. मात्र गेल्या वीस वर्षांचा अनुभव पाहता एक गोष्ट ठामपणे म्हणता येते : सूचनेच्या बाजूने किती हात वर झाले, यावर प्रणाली सुधारत नाही. सूचनेबरोबर पुरावा किती नेमका आला, यावर ती सुधारते.

हात वर करण्याचा प्रयोग करून झाला आहे. २००७च्या फेब्रुवारीत डेल कंपनीने आयडियास्टॉर्म या नावाने ग्राहकांच्या सूचना मागवल्या. लिनक्स घातलेले संगणक विका, ही मागणी पाहता पाहता यादीच्या माथ्यावर गेली आणि मे महिन्यात डेलने उबुंटू घातलेले संगणक विकायला काढलेही. या यशाने सगळ्यांचा हुरूप वाढला. पुढच्याच वर्षी, २००८मध्ये, उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने ब्रेनस्टॉर्म नावाची तशीच सोय उभी केली. कोणीही कल्पना मांडावी आणि इतरांनी तिला मत द्यावे, असा तिचा रिवाज होता. २०१३मध्ये ती गुंडाळावी लागली.

डेलला जमले ते इथे का जमले नाही? डेलपुढचा प्रश्न विकायचे की नाही एवढाच होता आणि निर्णय सर्वस्वी कंपनीच्या हातात होता. लिनक्सची प्रणाली अशी एका हातात नसते. गाभा लिनस टोरवाल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, डेस्कटॉप ग्नोम किंवा केडीईचा, छपाईची यंत्रणा कप्सची, अक्षरांची जुळणी हार्फबझची. उबुंटूसारखी वितरणे हे सारे एकत्र बांधून आपल्यापर्यंत पोहोचवतात. ‘बॅटरी जास्त टिकावी’ या सूचनेला मत कोण देणार नाही? पण बॅटरी कोणत्या यंत्रात, कोणत्या आवृत्तीनंतर, यंत्र झोपलेले असताना संपते की चालू असताना, हे सांगितल्याखेरीज ते काम गाभ्याचे, ग्राफिक्स ड्रायव्हरचे की डेस्कटॉपचे, हेच कळत नाही. मतांनी इच्छा कळते. दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही.

या कोंडीची दुसरी बाजूही तितकीच शिकण्यासारखी आहे. २०१०मध्ये उबुंटू १०.०४ येताना खिडकी बंद करण्याची, लहान-मोठी करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे गेली. वापरकर्त्यांनी गदारोळ केला. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी त्या वेळी सांगितले की रचनेचे निर्णय मतदानाने होत नाहीत. चांगली माहिती, चांगला अभिप्राय आणा, त्याचे स्वागत आहे. हे तत्त्व रास्त होते. पण पुरावा मागणाऱ्यानेही आपल्या निर्णयामागचा पुरावा मांडायला हवा. उजवीकडची जागा पुढच्या योजनांसाठी मोकळी करत आहोत, असे कारण दिले गेले. त्या जागी येणार म्हणून जाहीर झालेले नवे निर्देशक अखेर आलेच नाहीत. २०१७च्या ऑक्टोबरात उबुंटू १७.१०ने ग्नोम स्वीकारले आणि बटणे मुकाट उजवीकडे परतली. मधली सात वर्षे लोकांनी जी सवय मोडली आणि पुन्हा लावली, तिचा हिशेब कोणी दिला नाही.

त्याहून गंभीर प्रकरण २०१२चे. उबुंटू १२.१०मध्ये आपल्याच संगणकावरची फाइल शोधायला टाकलेला शब्द कॅनॉनिकलच्या सर्व्हरकडे जाऊ लागला आणि निकालांत ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसू लागल्या. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खासगीपणाचा प्रश्न उपस्थित केला. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी तर याला हेरगिरी म्हटले. इथे पुरावा भक्कम होता. कोणता शब्द कुठे जातो, हे दाखवून दिले गेले होते. तरीही ही सोय मुळातूनच बंद ठेवून प्रणाली द्यायला २०१६ची १६.०४ आवृत्ती यावी लागली. ऐकणाऱ्याने कानाडोळा करायचे ठरवले, तर उत्तम पुराव्यालाही वर्षे मोजावी लागतात. म्हणून जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे, असे आम्ही म्हणतो.

आता नीट घडलेले उदाहरण पाहा. १८ जून २०१९ रोजी उबुंटूने जाहीर केले की पुढच्या आवृत्तीपासून ३२ बिटची पॅकेजे मिळणार नाहीत. कारण सरळ होते : तसले प्रोसेसर आता क्वचितच उरले आहेत, मग त्यांचा भार का वाहायचा? वापरणाऱ्यांनी आणि विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन प्रकल्पाच्या लोकांनी यातली नेमकी चूक दाखवली. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी वाइनवर चालणारी विंडोजची बरीच सॉफ्टवेअर ३२ बिटची आहेत. काही ठिकाणी तर सॉफ्टवेअर ६४ बिटचे आणि त्याचा इन्स्टॉलर तेवढा ३२ बिटचा असतो. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्या जुन्या खेळांचेही तेच. म्हणजे यंत्रे संपली, तरी ३२ बिट पॅकेजांची गरज संपलेली नाही. अवघ्या सहा दिवसांत, २४ जूनला, कॅनॉनिकलने निर्णय बदलला आणि निवडक ३२ बिट पॅकेजे १९.१० व २०.०४ या आवृत्त्यांत ठेवू, असे सांगितले. कोणती पॅकेजे ठेवायची, याची यादीही समाजाशी बोलून करायचे ठरले. बटणांच्या वादाला सात वर्षे लागली, या वादाला सहा दिवस पुरले. स्टीममागे वॉल्व्हसारखी कंपनी उभी होती, हे खरेच. पण काय मोडेल आणि का मोडेल, हे नावानिशी सांगितले गेले, म्हणून उत्तरही ‘निवडक पॅकेजे’ इतके नेमके निघाले.

नेमकेपणाची ताकद लहान कामांत अधिक दिसते. २००९मध्ये उबुंटू ९.१०च्या तयारीत ‘शंभर पेपरकट’ नावाचा उपक्रम झाला. कागदाच्या कडेने बोट कापावे, रक्त फारसे येऊ नये, पण दिवसभर ते चुरचुरत राहावे, अशा बारीक त्रुटी हुडकायच्या होत्या. अट अशी की त्रुटी साध्या, नव्या बसवलेल्या प्रणालीत दिसली पाहिजे, सामान्य माणसाला ती आडवी आली पाहिजे आणि थोडक्या श्रमात दुरुस्त होणारी असली पाहिजे. नव्या सोयींची मागणी त्यात बसत नव्हती. केडीईने २०२२मध्ये हाच विचार वेगळ्या मापाने पुढे नेला : प्लाझ्मा डेस्कटॉप सुरू केल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत जे दोष नजरेस पडतील, ते आधी दूर करायचे. नवा माणूस राहणार की परत फिरणार, हे त्या पंधरा मिनिटांतच ठरते. म्हणूनच नव्या माणसाचे पहिल्या आठवड्यातले टिपण इतके अमूल्य असते. महिन्याभराने त्यालाही त्या अडचणींची सवय होते आणि मग त्या कोणालाच दिसत नाहीत.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध इथेच येतो. आपल्या लिपीतले काही दोष जगात दुसऱ्या कोणाला दिसणारच नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. युनिकोडच्या तक्त्यात ते २००८मध्ये, ५.१ आवृत्तीत आले. तोवर ‘अ’ला चंद्र जोडून ते दोन तुकड्यांत लिहिले जाई आणि आजही अनेक कीबोर्ड व जुन्या फायली तसेच लिहितात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. युनिकोडच्या लेखी मात्र ती वेगळी आहेत आणि नियमाने समान मानलेलीही नाहीत. शाळेच्या लिपिकाने जुन्या पद्धतीने ‘अॅडमिशन यादी’ नावाची फाइल जपून ठेवली आणि नव्या कीबोर्डवरून ‘ॲडमिशन’ टाकून ती शोधली, तर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने खास तजवीज केलेली नसेल तर फाइल सापडत नाही. लिपिकाला वाटते फाइल गेली. जर्मनीतल्या वा अमेरिकेतल्या डेव्हलपरला हा दोष स्वप्नातही सुचणार नाही. तीच गोष्ट ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ‘ऱ’ची. फाँटमध्ये ते रूप नसेल तर ‘ऱ’ पाय मोडून सुटा उभा राहतो. रोजचे मराठी वाचणाऱ्यालाच ते खुपते.

या कामाची परंपरा आपल्याकडे आहे. लोहित हे मुक्त फाँट २००४पासून उपलब्ध आहेत आणि पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. केरळात ‘स्वतंत्र मल्याळम कॉम्प्युटिंग’च्या स्वयंसेवकांनी फाँट, कीबोर्ड, भाषांतर यांवर दोन दशके काम केले आहे. तिथल्या सरकारी शाळांत उबुंटूवर बेतलेली प्रणाली चालते. म्हणजे दोष पाहणारे डोळे वर्गावर्गात आहेत. महाराष्ट्रात डोळे कमी नाहीत. पाहिलेले लिहून पाठवण्याची सवय तेवढी कमी आहे.

लिहायचे कसे, यात काही गूढ नाही. ‘मराठी नीट दिसत नाही’ या वाक्याने कोणाचेच काम पुढे सरकत नाही. प्रणाली आणि तिची आवृत्ती कोणती, सॉफ्टवेअर कोणते, फाँट आणि कीबोर्ड कोणता, काय टाइप केले, काय दिसायला हवे होते, काय दिसले, एवढे लिहावे आणि पडद्याचे चित्र जोडावे. एका तक्रारीत एकच दोष असावा. तोच दोष आधी कोणी नोंदवला असेल तर नवी नोंद न करता तिथेच आपली माहिती घालावी. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. पायऱ्या क्रमाने असाव्यात. वेळही साधावी. उबुंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरात येते आणि त्याआधी साधारण दोन महिने नव्या सोयींचा दरवाजा बंद होतो. मार्चअखेरीस केलेली नव्या सोयीची सूचना कितीही चांगली असली तरी एप्रिलच्या आवृत्तीत सहसा शिरू शकत नाही. ते दुर्लक्ष नसते, वेळापत्रक असते.

प्रणाली घडवणाऱ्यांनाही आमचे काही सांगणे आहे. उबुंटूच्या तक्रारी जिथे नोंदवल्या जातात त्या लाँचपॅडवर ‘माहिती अपुरी’ असा शेरा पडलेली तक्रार साठ दिवसांत उत्तर आले नाही तर आपोआप मिटू शकते. फेडोराची आवृत्ती कालबाह्य झाली की तिच्यावरच्या तक्रारीही बंद होतात. ढीग आवरायला हे नियम लागतात, हे मान्य. पण ज्याने तासभर बसून पायऱ्या लिहिल्या, चित्र जोडले, त्याला दीड वर्षाने यंत्राने लिहिलेला निरोप मिळतो, तेव्हा तो माणूस पुन्हा काही लिहीत नाही. ‘नाही’ म्हणायला हरकत नाही. माणसाने म्हणावे आणि दोन ओळींत कारण द्यावे. कारण न मिळालेले लोक शेवटी वेगळी चूल मांडतात. २०११मध्ये ग्नोम ३ने जुना डेस्कटॉप मोडीत काढला, तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २चा कोड घेऊन माते हा डेस्कटॉप सुरू केला आणि मिंटने आपला सिनॅमन उभारला. मुक्त सॉफ्टवेअरने दिलेले हे स्वातंत्र्य मोठे आहे, पण प्रत्येक फाटाफुटीत दुरुस्तीचे हातही वाटले जातात. दोन ओळींचे उत्तर त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

लिनक्स फुकट मिळते म्हणून तक्रार करण्याचा हक्क नाही, असे म्हणणारे चुकतात. आणि मी वापरतो म्हणजे उपकार करतो, असे मानणारेही चुकतात. या प्रणालीची किंमत पैशात घेतली जात नाही. ती थोडी श्रमांत द्यायची असते आणि नेमकी तक्रार हे त्या श्रमाचे सर्वांत सोपे रूप आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. तेव्हा ज्यांनी जुन्या यंत्रावर नुकतेच लिनक्स चढवले आहे, त्यांना आमची विनंती आहे : पहिल्या आठवड्यात जे खटकेल ते टिपून ठेवा, त्यातला मराठीशी संबंधित एक दोष निवडा आणि तो नीट लिहून योग्य प्रकल्पाकडे पाठवा. तुम्ही पाठवला नाही, तर तो दुसरे कोणी पाठवेल याचा भरवसा नाही.