आठ जणांचा टेंट म्हणजे नक्की किती जणांचा?

तर झालं असं की, मागच्या मे महिन्यात रात्री दीड वाजता आम्ही सात जण एका गाडीत कोंबून बसलो होतो. आजी, आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांचा पाच वर्षांचा नमुना आणि मी. गाडी उभी होती पवना धरणाच्या काठावर. संध्याकाळी समोर तुंग, तिकोना, मागे लोहगड असा एकदम पोस्टकार्ड सीन होता. आता काळोख आणि धो-धो वळीव. वीज चमकली की तेवढ्यापुरता आमचा टेंट दिसायचा. निळा, ब्रॅण्ड न्यू, ‘आठ माणसांचा’ टेंट. आडवा पडलेला.

बाबांच्या तळव्यात फायबरग्लासची कुसळं घुसली होती. वहिनी मोबाईलच्या उजेडात, भुवयांच्या चिमट्याने ती एक-एक करून काढत होती. दादा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, कारण टेंट मी निवडला होता. रात्री अकरा वाजता, एक डेडलाइन टाळत असताना, ऑनलाइन. रंग बघून, स्टार्स बघून आणि हो, डिस्काउंट बघून. आणि अशा सगळ्या माहोलात आजी शांतपणे म्हणाली, “मला बाथरूमला जायचंय.”

हसू नका राव! आजी ७८ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनचं किती दिवस चाललंय. ही ट्रिप मुळात तिच्यासाठीच होती. “ऑपरेशनच्या आधी एकदा उघड्यावर झोपायचंय, लहानपणी खळ्यावर झोपायचो तसं,” असं ती म्हणाली होती. आता तिला पावसात, चिखलात, दोघांनी धरून नेताना मला जे काही वाटत होतं ते इथे लिहीत नाही.

तीन दिवस मी कंपनीला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी टेंटच्या खोक्यावरचं बारीक अक्षरातलं वाचलं आणि गप्प बसले. सगळं लिहिलेलं होतं हो. लांबी बारा फूट, रुंदी सात फूट. बारा भागिले आठ म्हणजे माणशी दीड फूट! लोकलमधली फोर्थ सीट आठवा. फरक इतकाच, की इथे त्या सीटवर रात्रभर झोपायचं. टेंटवरचा माणसांचा आकडा कसा काढतात, तर माणसं एकमेकांना चिकटून, बॅगा बाहेर ठेवून, कुणीही कूस न बदलता आडवी केली की किती मावतात, त्यावरून. त्या आकड्यात गाद्या नाहीत, आईची फराळाची पिशवी नाही, झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा भाचा तर नाहीच नाही. म्हणून पहिला फंडा: छापील आकड्यातून सरळ दोन वजा करा. लहान मूल असलं तरी त्याला अर्धा धरू नका. मुलं दोन माणसांची जागा घेतात.

त्याहून सोप्पं म्हणजे हॉलमधला सोफा सरकवा. टेंटची जी लांबी-रुंदी असेल तेवढा चौकोन जमिनीवर सेलोटेपने आखा आणि घरच्यांना त्यात झोपवा. आम्ही दुसऱ्या वेळी हेच केलं. दादाचे पाय टेपच्या बाहेर. दादा पाच फूट अकरा इंच आहे आणि सात फुटांत आरामात मावायला हवा ना? नाही मावत. घुमटाच्या आकाराच्या टेंटची भिंत खालपासूनच आत कलते. डोकं आणि पाय दोन्ही कापडाला टेकतात. पहाटे कापडाच्या आतल्या बाजूला दव जमलेलं असतं, ते अलगद पांघरुणात उतरतं. माणशी अडीच फूट रुंदी आणि दादासारख्यांसाठी साडेसात फूट लांबी धरलीत तर सकाळी सगळे एकमेकांशी बोलतील.

आता उंची. बॅचलर ट्रेकर मंडळींना हा विषय फालतू वाटतो. रांगत आत जायचं, रांगत बाहेर यायचं, त्यात काय? पण आजी रांगू शकत नाही. बाबांची कंबर आहे. आईला साडी बदलायची असते. फॅमिलीसाठी टेंट घेताना मी आता सगळ्यात आधी दार बघते. किती उंच आहे, आणि त्याची चौकट जमिनीपासून किती वर येते. काही दारांना खाली वीतभर उंबरा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. चांगली गोष्ट आहे, पण रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाचा पाय नेमका त्यातच अडकतो. आजी दाराशेजारी झोपणार आणि तिला फोल्डिंग खाट लागणार, हे आधी ठरलं. टेंट नंतर. खाट आली की भिंत सरळ उभी हवी, कारण कलत्या भिंतीखाली खाट बसतच नाही.

मग उभ्या भिंतींचा, खोलीसारखा चौकोनी टेंट घ्यावा, नाही का? तिथेच तर खरी गोम आहे. अशा केबिन टेंटमध्ये जागा मस्त मिळते, पण त्या सपाट भिंतीवर वारा शिडासारखा भरतो. पवनेला आमचा टेंट पावसाने पडला नाही, वाऱ्याने पडला. वळवाच्या आधी जी वावटळ उठते ती दहा-पंधरा मिनिटांचीच असते, पण तेवढ्यात काम तमाम. आमचे खांब फायबरग्लासचे होते. फायबरग्लास स्वस्त असतं आणि वाकतंही छान, पण तुटलं की चिरफळतं आणि त्याची कुसळं होतात. अॅल्युमिनियमचा खांब महाग असतो, पण तो बहुतेक वेळा वाकतो, आणि वाकलेल्या खांबावर नळीचा तुकडा चढवून रात्र निभावता येते. मोठ्या टेंटमध्ये खांब लांब असतात, म्हणून हा फरक तिथे जास्त जाणवतो. हवा भरायचे टेंटही मिळतात, पंप मारला की पाच-दहा मिनिटांत उभे. सही वाटतात, पण वजन आणि किंमत दोन्ही ऐकून बाबांनी नुसतं “बरं” म्हटलं.

आम्ही शेवटी बोगद्यासारखा, म्हणजे टनेल टेंट घेतला. मधे उभं राहता येईल अशी मोकळी जागा, दोन टोकांना दोन खोल्या. त्यातली एक खोली काढून टाकून तिथे आजीची खाट बसते. या प्रकारात जागा आणि वारा यांचा हिशेब त्यातल्या त्यात जमतो. अट एकच, बोगद्याचं अरुंद तोंड वाऱ्याकडे करायचं, आडवी बाजू नाही. आणि सगळे ताण-दोर बांधायचे. सगळे म्हणजे सगळे! ते दोर शोभेचे असतात अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. पवनेला आमचे आठही दोर पिशवीत नीट गुंडाळलेले होते.

दुकानात गेलात तर एक गंमत सांगते. डेकॅथलॉनच्या क्वेचुआ टेंटवर ४.१, ४.२ असे आकडे असतात. मला वाटायचं मॉडेलचं व्हर्जन असेल, सॉफ्टवेअरसारखं. तसं नाही. पहिला आकडा माणसांचा, दुसरा खोल्यांचा. सासू-सासऱ्यांबरोबर जाणाऱ्यांनी पॉइंटनंतरचा आकडा नीट बघावा.

पावसाचं बोलू. टेंटवर ‘वॉटर कॉलम’ म्हणून मिलिमीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की थेंब आत झिरपायला लागतात, ती ही चाचणी. वरच्या कापडाला १,५०० मिमीच्या खाली मी जाणार नाही. जमिनीच्या कापडाला ३,००० तरी हवं, कारण तिथे आपण गुडघे टेकवून दाब देतो. पण नुसता आकडा बघून हुरळून जाऊ नका. टेंट उलटा करून शिवणींवरून बोट फिरवा. आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर ठीक, नसेल तर पाणी सुईच्या भोकातून येणार. आणि वरचं आवरण जमिनीपर्यंत येतं का ते बघा. आमच्या निळ्या टेंटला वर नुसती टोपी होती, बाजूला जाळीच्या मोठ्ठ्या खिडक्या. फोटोत काय देखणा दिसायचा! पण आपला पाऊस कधी सरळ पडतो का?

आणि जुलैत सह्याद्रीत फॅमिली कॅम्पिंगचा विचार असेल तर हे सगळे आकडे विसरा आणि गावात एखादं घर बघा. प्लीज.

थंडीत उलटा प्रॉब्लेम. पाऊस नाही, पण सात माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर गार कापडावर जमते आणि पहाटे ठिबकते. लोकांना वाटतं टेंट गळतोय. तो गळत नसतो, त्याला खिडकी नसते. म्हणून आत जाळीचा टेंट आणि बाहेर वेगळं आवरण असे दोन थर हवेत, आणि हवा खालून येऊन वरून जाईल अशी झरोक्यांची सोय हवी. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करणारा एक जण प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे बाबा. यावरून आठवलं, बार्बेक्यूचे उरलेले निखारे ऊब म्हणून टेंटमध्ये आणणारी मंडळी मी स्वतः पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतसुद्धा नाही. डासांची कॉइलही बाहेरच.

जागेचं थोडंसं. मे महिन्यात धरणाचं पाणी मागे सरकतं आणि सपाट, मोकळी जमीन उघडी पडते. बघताक्षणी वाटतं, इथेच! आम्हालाही वाटलं. तो गाळ असतो. पाऊस आला आणि आमच्या खुंट्या श्रीखंडात रोवल्यासारख्या हलायला लागल्या. महाबळेश्वरच्या बाजूला जांभ्यावर गेलात तर उलट, खुंटी आतच जात नाही, दोर मोठ्या दगडांना बांधावे लागतात. कोकणात वाळूवर साधी खुंटी टिकत नाही. तिथे कापडी पिशवीत वाळू भरून, तिला दोर बांधून ती पिशवीच पुरायची. टेंटबरोबर मिळणाऱ्या तारेच्या खुंट्या ठिकठाकच असतात. त्या घरी ठेवा आणि जाडजूड वेगळ्या घ्या. टेंटच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

आता एक कबुली. आमच्या सात जणांसाठी मी सात जणांचा टेंट घेतलाच नाही. छापील सहाचा हा टनेल आणि सोबत दोघांचा एक छोटा, जो एका मित्राकडून उधार आणलाय. मोठ्यात आजी, आई, बाबा आणि भाचा. दादा-वहिनी छोट्यात. (वहिनीने हे ऐकून जो चेहरा केला त्याचं वर्णन करायची गरज नाही.) मी? मोठ्यातल्या मधल्या मोकळ्या जागेत, कारण रात्री आजीला बाहेर न्यायची ड्यूटी माझी आहे. दहा-बारा जणांचे राक्षसी टेंट दिसायला भारी असतात, पण तेवढी सपाट जागा सह्याद्रीत शोधून दाखवा! शिवाय ते मुंबईतल्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? आमचा सहाचाच पंधरा किलोच्या आसपास आहे आणि माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाला बाजूला सारून बसलाय. ओला ठेवला तर आतला लेप चिकट होतो, कुबट वास येतो आणि टेंट कामातून जातो, म्हणून ट्रिपवरून आल्यावर तो पूर्ण वाळवणं मस्ट.

गेल्या रविवारी सोसायटीच्या बागेत ट्रायल झाली. उभा करायला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, दुसऱ्यांदा पंचवीस. दादाने झाडांना पाणी घालायचा पाइप लावून वीस मिनिटं टेंटवर पाऊस पाडला. वॉचमनकाका आत बसून ‘इथे नाही, इथे नाही’ अशी रिपोर्टिंग करत होते. एका कोपऱ्यात ओल सापडली, तिथे शिवणीवर सीलंट लावलं. सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं, परमिशन घेतली का? मी हात जोडले.

मग आजीची टर्न. ती काठी टेकत आली, दारातून न वाकता आत गेली, खाटेवर बसली, उठली, बाहेर आली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. तीन वेळा. मी श्वास रोखून बघत होते, अगदी वायवाला बसल्यासारखी.

“दार चांगलंय,” ती म्हणाली. “पण चेन खालून अडकते. अंधारात मला नाही ओढता यायची.”

एवढं सगळं बघून घेतलं आणि चेन बघितलीच नव्हती मी! आईने देवघरातली मेणबत्ती आणून चेनवर दोनदा वरून खाली घासली. आता एका बोटाने उघडते. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, जानेवारीतली. या शनिवारी भंडारदऱ्याला निघतोय. मेणबत्ती पिशवीत टाकली आहे, चिमटाही.