स्कायलॅबचा घसारा

अवकाशस्थानकात माणूस कशासाठी पाठवावयाचा, या प्रश्नाचे चोख उत्तर ७ जून १९७३ रोजी मिळाले. अमेरिकेचे स्कायलॅब १४ मे रोजी वर जात असतानाच त्याचे संरक्षक कवच उखडले, सौरविजेचा एक पंख तुटून गेला आणि दुसरा कवचाच्या पट्टीत अडकून मिटलेलाच राहिला. आत असह्य उष्णता, वीज अपुरी. पहिल्या तुकडीने प्रथम आतूनच छत्री उघडून स्थानकावर सावली धरली. मग कॉनराड व कर्विन बाहेर पडले, लांब दांड्याच्या कात्रीने त्यांनी ती पट्टी कापली आणि दोर ताणून पंख उघडला. तो सुटताना बसलेल्या हिसक्याने दोघेही भिरकावले गेले. पण स्थानक वाचले. पुढच्या दोन तुकड्या तेथे राहू शकल्या त्या या दुरुस्तीमुळेच. तिन्ही तुकड्यांचा मुक्काम १७१ दिवसांचा भरला.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र कोणी मांडली नव्हती. १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटची तुकडी परतली. पुढे स्पेस शटल येईल आणि स्थानकाची कक्षा उंचावील, असा भरवसा होता. शटलच्या पहिल्या उड्डाणास १९८१ साल उजाडले! दरम्यान सूर्याचा क्षोभ वाढून वातावरणाचे वरचे थर फुगले, आणि ११ जुलै १९७९ रोजी ते सुमारे ७५ टनांचे धूड हिंदी महासागर व पश्चिम ऑस्ट्रेलियावर कोसळले. त्या दिवसांत भारतातही लोक धास्तावून आकाशाकडे पाहत होते. ऑस्ट्रेलियातील एस्परन्सच्या स्थानिक संस्थेने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलरांचा दंड ठोठावला. विनोद म्हणून तो खपला. वस्तुतः न धरलेल्या खर्चाचे ते बिल होते.

साधा गिरणीवालादेखील यंत्राचा घसारा दरसाल बाजूला काढतो. नोव्हेंबर २००० पासून अखंड वस्ती असलेल्या, सुमारे ४२० टनांच्या आंतरराष्ट्रीय स्थानकाबाबत हे शहाणपण उशिरा का होईना आले. ते सुरक्षितपणे समुद्रात उतरविणाऱ्या यानासाठी नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला ८४.३ कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट दिले.

भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या भागास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्या वेळी गगनयान कार्यक्रमाची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांवर गेली. संपूर्ण स्थानकासाठी २०३५ हे वर्ष मुक्रर झाले. चर्चा होते ती या तारखांची. दुरुस्तीसाठी बाहेर पडण्याचे शिक्षण, सुटे भाग आणि अखेरीस स्थानक खाली आणण्याचा खर्च ही कलमे अंदाजपत्रकात आरंभापासून स्वतंत्रपणे दाखविली जावीत, अशी मागणी संसदेने पहिला भाग कक्षेत जाण्यापूर्वीच करावयास हवी.