क्वेरी स्वतःच्या हातानें लिहावी काय?

वेबपृष्ठें रचण्याची विद्या शिकणाऱ्या मुलांचे पालक हल्लीं विचारतात कीं, डेटाबेसला विचारावयाचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, जर तयार साधन आपोआप लिहून देतें, तर आमच्या मुलानें ती हातानें लिहिण्यांत वेळ कां घालवावा? प्रश्न रास्त आहे; तरी आमच्या मतें तो वेळ द्यावाच.

माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवण्याचा सिद्धांत एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडला. त्यास अनुसरून आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ सालीं जी भाषा पुढें आणिली, तीच आजची एसक्यूएल. तिची खुबी अशी कीं, आपण हवें काय तेवढें सांगावें. तें कोणत्या वाटेनें शोधावयाचें तें डेटाबेस ठरवितो. हायबरनेट, किंवा जँगोबरोबर येणारें साधन (अशा साधनांस ओआरएम म्हणतात) हीच भाषा पडद्याआड लिहितें. तेथें काय लिहिलें गेलें हें मात्र मूल पाहत नाहीं.

समजा, वर्गांतील ४० विद्यार्थ्यांची यादी प्रत्येकाच्या पालकाच्या नांवासह दाखवावयाची आहे. बेसावध मूल दोनतीन सुटसुटीत ओळी लिहून मोकळें होतें. साधन एका क्वेरीनें ४० विद्यार्थी आणितें, आणि मग एकेकाच्या पालकासाठीं पुन्हां निराळी फेरी मारितें. एकूण ४१ क्वेरी! मीठमिरची आणावयास बाजाराच्या ४१ खेपा घालणाऱ्या गड्यास आपण काय म्हणूं? दोन कोष्टकें जोडणारा जॉइन ज्यास ठाऊक आहे, तो हें काम एकाच क्वेरींत करितो. जँगोंत यावर सिलेक्ट-रिलेटेड नांवाचा उपाय आहे खरा. परंतु ज्यास रोगच ओळखतां येत नाहीं, तो औषध कोठून मागणार? घरीं दहा नांवांवर हा दोष दिसतही नाहीं. हजारों लोक येऊं लागले म्हणजे पान रखडूं लागतें.

साधनाचा गुणही सांगितला पाहिजे. कोणी भरलेला मजकूर क्वेरींत जसाच्या तसा चिकटविला, तर दुष्ट मनुष्य त्यांतून आपलीच आज्ञा घुसवूं शकतो. साधन बहुधा मजकूर वेगळा धाडून हा धोका टाळितें. हातानें लिहिणारानेंही तसेंच केलें पाहिजे. रोजचीं साधीं कामें साधनावर सोंपविण्यांत कमीपणा नाहीं. पण मराठी पवित्र शास्त्र हाताशीं असतांही पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि त्यांनीं मुळावरून भाषांतर केलें, तें कांहीं हौसेखातर नव्हे.

जँगोंत साधनानें रचलेली क्वेरी छापून पाहतां येते. प्रकल्प दाखवितांना मुलानें ती छापावी, आणि तिचा अर्थ आईबापांस मराठींत समजावून सांगावा.