लॅपटॉपचे स्थळ

भाच्याने लॅपटॉप घ्यायचे ठरवले आणि तो पाहण्याचे काम अर्थातच मामाकडे आले. वास्तविक मराठीच्या प्राध्यापकाला यंत्रातले काय कळणार! पण केशोरीहून थेट नागपुरास आलेल्या भाच्याला नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. तेव्हा आम्ही दोघे सीताबर्डीवर निघालो, अगदी मुलगी पाहायला निघावे तसे.

दुकानदाराने आधी रूप दाखवले. सडपातळ अंग, चांदीसारखा रंग. "मल्टिमीडियाला एकदम उत्तम," तो म्हणाला. मी मान डोलावणार, तोच भाच्याने विचारले, "यात दंडारीच्या किती रात्री मावतील?"

दुकानदार गप्प झाला. मी मात्र समजलो.

केशोरी हे गोंदिया जिल्ह्यातले, झाडीपट्टीतले गाव. भाऊबीज झाली की त्या मुलखात गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार रंगते. भाच्याचे आजोबा दंडारीतले जुने गाणारे. दोन वर्षांपूर्वी त्याने त्यांची अख्खी रात्र फोनवर टिपली होती. गेल्या मंडईला फोनमध्ये जागा उरली नाही, म्हणून ती पुसली. आजोबा आहेतच, पुन्हा गातील, असा त्याचा हिशेब. त्या रात्री आजोबांचा घसा बसलेला होता. ते गायले नाहीत. वैशाखात ते गेले.

मग आम्ही दुकानातच गणित मांडले. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने टिपलेले चित्रण मिनिटाला ३७५ मेगाबाइट, म्हणजे तासाला साडेबावीस गिगाबाइट जागा घेते. सहा तासांची दंडार १३५ गिगाबाइट! २५६ गिगाबाइटचा लॅपटॉप दुसऱ्या रात्री अर्ध्यावरच हात टेकणार.

गृहिणींना सांगायचे तर एसएसडी म्हणजे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. ८ गिगाबाइटच्या ओट्यावर पत्रे लिहून होतात. चित्रण कापायचे, जोडायचे, त्यावर आवाज बसवायचा, तर १६ हवी. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम कायमची जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. तेव्हा हे आधीच विचारावे. पडद्याचेही तसेच. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे असेल, तर लालभडक लुगडे विटके दिसायचे. एसआरजीबीचा आकडा १०० टक्क्यांच्या जवळ असलेला बरा.

अखेर आम्ही अंगाने जाड, रूपाने साधा, पण १६ गिगाबाइट रॅमचा आणि ५१२ गिगाबाइट साठ्याचा लॅपटॉप पसंत केला. वाचलेल्या पैशांत बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या.

"दोन कशाला?" दुकानदाराने विचारले.

"एक केशोरीला राहील, एक मामांकडे," भाचा म्हणाला. "एकीला काही झाले तर दुसरी."

फराळाला थांब म्हणून मी पुष्कळ आग्रह केला, पण तो ऐकेना. रात्रीच्याच बसने निघाला.

"मामा, गावात जुने गाणारे आता तिघेच उरलेत," खिडकीतून तो म्हणाला, "आणि त्यांतल्या एकाला खोकला झालाय."